चार ते सहा

तीन दिवसांच्या खंडानंतर नायगावच्या त्या चाळीत वर्तमानपत्र आले. जी वार्ता ऐकून दुसऱ्या मजल्यावरील वीस खोल्यांना हायसे वाटले, तीच ऐकून कोंडीरामची राधा मात्र भ्याली. नऊ वर्षांची ती पोर खोलीत शेगडीपुढे बसून तांदूळ निवडीत होती. बाहेरच्या पॅसेजमध्ये शिवा पेपरवाल्याचा आवाज आला, "एकच हाय रं, एकच. दुधाच्या गाडीत दडवून आणलाय, फाडू नका." त्यापाठोपाठ तिच्या वडिलांचा आवाज आला, "राधे, ये बाय भायेर. पेपर आला."

राधा उठली नाही. निवडून झालेले तांदूळ तिने पुन्हा निवडावयास घेतले.

ते दिवसच भयाचे होते. सन एकोणीसशे छप्पनचा जानेवारी महिना होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही, ती दिल्लीच्या ताब्यात राहणार, असे जाहीर झाले आणि त्या घटकेपासून सारे गिरणगाव रस्त्यावर उतरले. गोळीबार झाले, माणसे पडली, गिरण्यांचे भोंगे मुके झाले आणि संचारबंदी पुकारली गेली. दोन्ही बाजूंना खोल्या आणि मधून लांबच लांब अंधारा पॅसेज, अशी त्या चाळीची रचना असल्यामुळे रस्त्यावर काय चालले आहे हे पॅसेजमधल्या माणसाला दिसत नसे. केवळ ऐकू येत असे. त्या दिवशी सकाळी पोलिसांची गाडी कर्ण्यातून काहीतरी सांगत गेली होती. परंतु वरपर्यंत तिची नुसती घरघर पोहोचली आणि तिचा अर्थ काय लावावा, याविषयी पुरुषमंडळींचे एकमत झाले नाही.

अशा वेळी वाचणाऱ्या माणसाची किंमत फार. पूर्वी मजल्यावर गंगाधर नावाचा एक कारकून रोज संध्याकाळी पेपर वाचून दाखवीत असे. दिवाळीनंतर सत्याग्रहात तो पकडला गेला, आणि तो मान राधाकडे चालत आला. त्यास कारण तिची शाळा.

कोंडीराम गिरणीत सूत कातण्याच्या रिंगखात्यात कामास होता. त्याला अक्षरओळख नव्हती. पगाराच्या दिवशी अंगठा काळा करून पुढे करताना त्याला जी शरम वाटे, ती त्याने आजवर कोणापाशी बोलून दाखविली नव्हती. पोरांना शिकवा, हे बाबासाहेबांचे सांगणे त्याने मैदानात दाटीत उभे राहून स्वतःच्या कानांनी ऐकले होते, आणि ते त्याने मनावर घेतले होते. मजल्यावरील बाकीची मुले चाळीमागच्या म्युनिसिपालिटीच्या शाळेत जात. तेथे एकेका वर्गात साठ साठ मुले बसत, मास्तरांच्या हाती छडी असे, आणि मूल अनवाणी आले तरी चालत असे. कोंडीरामला वाटले, जे कोणालाही फुकट मिळते, त्यात ज्ञान ते कितीसे असणार? म्हणून त्याने लागोपाठ दोन दोन पाळ्या केल्या आणि राधाला पुलापलीकडे दादरला, हेरंब-निवास नामक इमारतीच्या तळमजल्यावरील खाजगी शाळेत घातले. निळा झगा, पांढरे मोजे आणि काळे बूट घालून ती सकाळी पॅसेजमधून टक टक करीत निघाली, की बायका नळावरची भांडणे थांबवून तिच्याकडे पाहत. तीन वर्षांत ती इंग्रजी गाणी हातवारे करून म्हणू लागली, आणि मराठी पुस्तकाचे कोणतेही पान उघडून द्या, ती ते धबधब्यासारखे वाचून दाखवू लागली.

वस्तुस्थिती अशी होती की राधाला वाचता येत नव्हते.

त्या शाळेत सारा वर्ग एका सुरात धडा म्हणत असे. बाई एक ओळ म्हणत, मागोमाग मुले ती ओळ म्हणत, आणि असे पंधरा दिवस चालले की धडा पुरा झाला असे धरले जाई. बाई इतर मुलांच्या पाट्या हातात घेऊन तपाशीत. राधाची पाटी त्या हातात घेत नसत. लांबूनच मान डोलावीत. ती मागच्या बाकावर खिडकीशी एकटी बसे. परंतु तिचे कान मोठे तल्लख होते आणि एकदा ऐकलेले ती सहसा विसरत नसे. कोणत्या पानावर कोणता धडा, हे ती चित्रावरून ओळखी. इन्स्पेक्टर आले त्या दिवशी बाईंनी तिलाच उभे केले, आणि तिने कोठेही न अडखळता दीड पान म्हणून दाखविले. इन्स्पेक्टर "छान" म्हणाले. त्यानंतर तिला कोणी काही विचारले नाही. तिला अंक येत होते, सुटी अक्षरेही थोडीबहुत येत होती. परंतु अक्षराला अक्षर लागून शब्द कसा उभा राहतो, हे तिला कोणी दाखविले नव्हते. आणि ते मला दाखवा, असे म्हणण्याचे धैर्य तिला प्रत्येक वर्षी अधिकच कमी होत गेले.

पेपरचे संकट तिने निराळ्या उपायाने टाळले होते. शाळेसमोर एक केशकर्तनालय होते. मधल्या सुट्टीत अप्पा म्हणून एक पेन्शनर गृहस्थ तेथील बाकावर बसून तोच पेपर मोठ्याने वाचीत. राधा पायरीवर बसून डबा खाता खाता ऐके. संध्याकाळी पॅसेजमध्ये ती तोच मजकूर, अप्पांच्याच ठेक्यात, डोळे डावीकडून उजवीकडे फिरवीत म्हणून दाखवी. कोणाला कधी संशय आला नाही.

समोरच्या खोलीतील शामरावची यशोदा ही म्युनिसिपालिटीच्या शाळेत चौथीत होती. एकदा राधा तापाने पडली असता पेपर तिच्या हाती दिला गेला. यशोदा ओळीखाली बोट धरून वाचू लागली, आणि दर जोडाक्षरापाशी थबकू लागली. तेव्हा बुधाजी नावाचा मिशाळ म्हातारा, जो पूर्वी गिरणीत कामगारांवरचा मुकादम, म्हणजे जॉबर होता आणि मजल्यावर ज्याच्या शब्दाला वजन होते, तो म्हणाला, "शामराव, तुझ्या पोरीची मालगाडी हाय बाबा. दर ठेसनाला पाणी पितीया. आपली राधी बरी, सरळ मेल." सर्वजण हसले. शामरावही हसला, परंतु त्याचे कान लाल झाले होते. तेव्हापासून यशोदा सर्वांचे ऐकून झाले की पेपर मागून नेई आणि खिडकीशी बसून एकटीच वाची.

आता शाळा तीन दिवस बंद होती, आणि तीन दिवसांत राधाने अप्पांचा आवाज ऐकला नव्हता.

"अगं ए मेल," बुधाजी बाहेरून म्हणाला, "शिग्नल पडलाय न्हवं?"

राधा बाहेर आली. आठदहा पुरुष भिंतींना टेकून बसले होते. कोंडीरामने स्वतःच्या धोतराच्या सोग्याने जमीन पुसून तिला जागा करून दिली. पेपर हाती येताच त्याच्या ओल्या शाईचा वास तिच्या नाकात शिरला. काळ्या काळ्या ओळी मुंग्यांच्या रांगांसारख्या दिसत होत्या, आणि त्यांतील एकही मुंगी तिच्या ओळखीची नव्हती. तिने अप्पांचा ठेका आठवला आणि म्हणण्यास आरंभ केला.

"मुंबईत तणाव कायम. ठिकठिकाणी गोळीबार. अनेक पुढाऱ्यांना अटक. शांतता राखण्याचे जनतेस आवाहन."

त्या आठवड्यात ही वाक्ये कोणत्याही दिवशी खरीच ठरली असती. मंडळींनी उसासे टाकले.

"लालबागला किती गेले, ते दिलंय का गं?" शामरावने विचारले.

"आकडा दिलेला नाही," राधा म्हणाली.

"कसा देतील," बुधाजी म्हणाला. "मोजणाराच गोळी घालणारा."

तेव्हा कोंडीराम पुढे सरकला. "ते ऱ्हाऊ दे. करफू कवा उठतो ते बघ बाय. तुझ्या आयेकडं जायाचंय."

राधाची आई कमळाबाई परळच्या प्रसूतिगृहात होती. चार दिवसांपूर्वी कळा सुरू झाल्या, तेव्हा कोंडीरामने तिला टॅक्सीत घालून तेथे पोहोचविले होते. दुसऱ्या दिवशी मुलगा झाल्याचा निरोप कोणाकोणाच्या तोंडून फिरत आला; त्यानंतर रस्ते बंद झाले. ती कशी आहे, तिला कोणी काही खावयास देते की नाही, हे त्याला ठाऊक नव्हते. तीन दिवस तो दर घटकेला जिन्यापर्यंत जाऊन परत येत होता.

राधाने पान चाळले. आकडा दिलेला नाही, असे येथेही म्हणता आले असते. परंतु वडिलांचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर होता, आणि इतका जवळ असलेल्या चेहऱ्याला नाही म्हणणे तिला साधले नाही. इतक्यात पानाच्या कोपऱ्यात तिला एक चौकट दिसली. चौकटीत अंक होते. चार होता, पुढे एक लहानसा शब्द होता, त्यापुढे सहा होता. बुडत्या माणसाचा हात काठाला लागावा तसे तिला झाले.

"चार ते सहा," ती म्हणाली. "सायंकाळी चार ते सहा संचारबंदी शिथिल."

"शिथिल," बुधाजी मान हलवून म्हणाला. "ऐकलास शामराव? म्युन्शिपाल्टीत शिथिल शिकवीत न्हाईत."

कोंडीराम तत्काळ उठला, आणि चार दिवसांत प्रथमच त्याच्या चेहऱ्यावर माणसाचा रंग आला.

त्यानंतरचे सहा तास राधाने कसे काढले, ते तिचे तिलाच ठाऊक. कोंडीरामने दाढी केली. त्याने ठेवणीतला पांढरा सदरा काढला आणि गरम पाण्याने भरलेला तांब्या त्यावरून फिरवून तो सरळ केला. राधाने मऊ भात केला, मेथी केली, डबा भरला. हातांना कामे होती तोवर ठीक होते. कामे संपली आणि तिच्या डोळ्यांपुढे ती चौकट तरळू लागली. चौकटीत इतरही बरेच काही लिहिलेले होते. चारच्या आधी तीनचार शब्द होते. सहाच्या नंतर तर पुष्कळच होते. ते काय म्हणत असतील?

"बा," ती शेवटी म्हणाली, "उद्या जा ना."

"का गं?"

"भ्या वाटतं."

कोंडीराम तिच्यासमोर उकिडवा बसला. "मला बी तीन दिस वाटत हुतं. कुठं गोळी सुटंल, कुणाला ठावं. आज न्हाई वाटत. सरकारनं छापलंय आन् तू वाचलंयस. न्हाईतर आमी समदी आंधळी." मग तो किंचित हसून म्हणाला, "तुझ्या आयेला सांगतो, तुझ्या लेकीनं वाट मोकळी केली म्हून."

राधाचे ओठ उघडले होते, ते मिटले. पुढचे वाक्य तिच्या गळ्यात तयार होते. परंतु ते बाहेर पडले तर दोन दोन पाळ्या, बूट, झगा आणि नळावर थबकणाऱ्या बायका हे सर्व त्याच्याबरोबर बाहेर पडून फुटले असते. ती पाणी पिण्याच्या निमित्ताने उठली. थोड्या वेळाने पुन्हा धीर करून वळली, तो दारात बुधाजी पिशवी घेऊन उभा होता आणि रेशनच्या दुकानी कोणी कोणी जायचे याचा बेत चालला होता. अर्धा मजला चार वाजण्याची वाट पाहत होता.

चार वाजले. कोंडीराम सर्वांच्या आधी निघाला. "तुमी या मागनं," तो म्हणाला, आणि डबा छातीशी धरून जिना उतरून गेला.

त्याची पावले वाजावयाची थांबली, त्याच क्षणी यशोदा खिडकीपासून उठून आली. दिवसभर खोल्याखोल्यांतून फिरून नुकताच तिच्याकडे आलेला पेपर तिच्या हातात होता, आणि चौकटीवर बोट होते.

"राधे," ती हळू आवाजात म्हणाली, "चार ते सहा तू कुठनं वाचलंस?"

"इथनंच."

"हे गिरगावचं आहे गं. गिरगाव, का-ळ-बादेवी, फणसवाडी, चार ते सहा. आपलं खाली आहे." यशोदेने बोट सरकविले. "नाय-गाव, परळ, लालबाग या भा-गांत आज दिवसभर संचार-बंदी जा-री. उद्या सकाळी सात ते नऊ... शि-थिल. मोड-णाऱ्यांवर क-डक..."

यशोदा खरे वाचीत आहे, हे राधाला कळले. तरीही तिच्या तोंडून जे शब्द निघाले, ते तिने पुढे जन्मभर आठवावे असे होते. ती म्हणाली, "तुला नीट वाचता येत नाही."

पिशव्या घेऊन उभी असलेली मंडळी जवळ आली. "काय झालं?" शामरावने विचारले.

"बा, आज सूट नाही आपल्याकडं," यशोदा म्हणाली. "पेपरात नाही दिलेली."

"आता ह्या येळंला मालगाडी नगं," बुधाजी म्हणाला. "राधीनं सकाळीच वाचलंय. काय गं राधे?"

सर्वांनी राधाकडे पाहिले. शामरावनेही आपल्या मुलीकडे न पाहता राधाकडेच पाहिले. यशोदा खाली मान घालून पुन्हा तीच ओळ बोटाने चाचपू लागली. जणू काही आपलीच चूक झाली असेल तर ती शोधून काढावी. ते पाहून राधाच्या मनाचा बांध फुटला. ती धावली. जिन्यावर बुधाजीच्या पिशवीला तिचा धक्का लागला, मागून कोणी तरी हाक मारली, आणि ती चाळीबाहेर आली.

रस्ता इतका रिकामा तिने कधी पाहिला नव्हता. दुकानांच्या फळ्या लागलेल्या होत्या. फुटलेल्या विटा आणि काचा सर्वत्र पसरलेल्या होत्या, आणि एक चप्पल रस्त्याच्या मधोमध उलटी पडली होती. उन्हात काहीही हालत नव्हते. आपल्या पावलांचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो आहे, हे ऐकून तिला वाटले की दुसरे कोणीतरी आपल्या मागे धावत आहे. नाक्यावर तिला पांढरा सदरा दिसला. त्याच्यासमोर वीस पावलांवर दोन शिपाई होते. त्यांतील पुढच्याचे वय फार नसावे. त्याच्या बंदुकीची नळी स्थिर राहत नव्हती.

"मागं फिर," तो ओरडत होता. "ऐकायला येत नाही का?"

"सायेब, सूट हाय चार ते सहा," कोंडीराम म्हणत होता. "पेपरात आलंया. बायको दवाखान्यात हाय माझी."

"इकडं सूट नाही. मागं फिर म्हणतो ना."

"तुमची कायतरी चुकी हुतीया सायेब. माज्या पोरीनं वाचलंय. दादरच्या शाळंत हाय ती, साधी न्हवं." असे म्हणून कोंडीराम, समजूत घालणारा माणूस जसा एक पाऊल पुढे येतो तसा, एक पाऊल पुढे आला. डबा दाखविण्यासाठी त्याने हात वर केला.

बंदूक खांद्याला लागली. मागचा शिपाई म्हणाला, "हातात काय आहे त्याच्या?"

आयुष्यात कधीही अंगठ्याखेरीज दुसरी सही न केलेला तो माणूस त्या घटकेस पूर्णपणे निर्भय होता. कागदावर जे छापले आहे ते आपल्या बाजूस आहे, असे त्याला वाटत होते. आणि असे त्याला यापूर्वी कधी वाटले नव्हते. तो दुसरे पाऊल उचलणार, हे राधाने त्याच्या पाठीवरून ओळखले.

"बा," ती म्हणाली. त्याला ते ऐकू गेले नाही. मग ती ओरडली, "बा, मला वाचता येत नाही."

कोंडीराम वळला.

"मला वाचता येत नाही. कधीच येत नव्हतं. मी ऐकून म्हणते. ते चार ते सहा गिरगावचं आहे. आपलं नाही."

कोंडीरामने तिच्याकडे पाहिले. मग त्याने हातातील डब्याकडे पाहिले, आणि एखाद्या बाहुल्याची दोरी कापावी तसा त्याचा हात खाली आला. जे भय तीन दिवस त्याच्या अंगात होते आणि त्या सकाळी गेले होते, ते एकदम परत आले.

"पोरीला घे आणि जा," शिपाई म्हणाला. "हात वर. पळू नका. पळू नका म्हणतो."

ते दोघे हात वर करून चालत निघाले. कोंडीरामच्या एका हातात डबा होता, त्यातून मेथीचे पाणी त्याच्या मनगटावरून कोपरापर्यंत ओघळले. अर्ध्या वाटेवर भोईवाड्याच्या बाजूने लागोपाठ दोन बार ऐकू आले. तरीही ते पळाले नाहीत. चाळीच्या तोंडाशी बुधाजी, शामराव आणि बाकीचे पिशव्या धरून भिंतीला चिकटून उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते. बुधाजीने आपल्या मिशीवर उगाच हात फिरविला.

संध्याकाळपर्यंत कोंडीराम एक शब्दही बोलला नाही. त्याने आपल्याला मारावे, असे राधाला वाटत होते. मार म्हणजे काय असते ते तिला ठाऊक होते, या मौनाचा शेवट कोठे आहे ते ठाऊक नव्हते. दिवे लागल्यावर त्याने विचारले, "किती येतं?"

"अंक येतात. थोडी अक्षरं येतात."

"मग तीन वर्सं..." तो थांबला. "मास्तरीण म्हनायची, हुशार हाय. इनिसपेक्टर म्हनला, छान. मी दारात हुबा ऱ्हाऊन ऐकायचो, तू वाचायचीस, मला वाटायचं गंगा वाहतीया."

"मला शाळेतनं काढणार?"

"ठावं न्हाई." त्याने दोन्ही हातांनी डोके धरले. "तुला येतं का न्हाई, ते मला कसं कळायचं गं? बूट दिसतात, झगा दिसतो. आतलं मला कुठं दिसतं? ते सांगणारं मानूस मी कुठनं आणू?"

राधाने आजवर वडिलांचा राग पाहिला होता, थकवा पाहिला होता. परंतु ते तिच्याचसारखे घाबरलेले असतात, हे तिने त्या दिवशी प्रथम पाहिले.

थोड्या वेळाने त्याने यशोदेला बोलावून घेतले. ती पेपर घेऊन आली आणि तिने ती चौकट वाचली. थांबत, मागे जात, पुन्हा जोडीत. उद्या सकाळी सात ते नऊ. कोंडीराम तिच्या तोंडाकडे पाहत होता, ओळीकडे पाहत होता आणि पुन्हा तोंडाकडे पाहत होता.

"पुन्यांदा वाच," तो म्हणाला.

तिने पुन्हा वाचली.

"हे तू ऐकून तर न्हाई म्हनत? खरंच हितं लिवलंय?"

"लिहिलंय काका."

"कुठं? बोट ठिव."

तिने बोट ठेवले. कोंडीराम त्या बोटाखालच्या काळ्या रेषांकडे बराच वेळ पाहत राहिला. यशोदा गेली, तरी पेपर त्याने परत केला नाही. राधा तो मांडीवर घेऊन दिव्याखाली बसली आणि यशोदेने बोट ठेवलेली जागा नखाने धरून राहिली.

सकाळी सातच्या सुमारास कोंडीराम नवा डबा घेऊन चाळीच्या तोंडाशी उभा राहिला. आदल्या दिवशीचाच सदरा त्याच्या अंगात होता. रस्ता तसाच रिकामा होता. कोठल्याशा खोलीतून घड्याळाचे सात ठोके ऐकू आले. मागे शामराव होता, बुधाजी होता, आणि आज कोणीही पहिले पाऊल टाकीत नव्हते. कोंडीराम पायरीपर्यंत जाई आणि थांबे. यशोदेने वाचले होते. परंतु काल राधानेही वाचले होते. कोणते वाचणे खरे आणि कोणते खोटे, हे ओळखण्याचा कोणताही मार्ग त्याच्यापाशी नव्हता, आणि पलीकडे त्याची बायको चार दिवस वाट पाहत होती.

राधा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली. तिने बूट घातले नव्हते.

"तू बघितलंस का?" त्याने तिच्याकडे न पाहता विचारले.

"बघितलं."

"काय दिसलं?"

राधाला खोटे बोलणे सोपे होते. परंतु ती म्हणाली, "यशोदेनं बोट ठेवलं तिथं पहिलं अक्षर ना आहे. शेवटचं व आहे. मधली दोन मला येत नाहीत. पुढं सात आहे आणि नऊ आहे."

"ना आन् व," कोंडीराम स्वतःशी म्हणाला.

"हो. बाकीचं ठाऊक नाही."

त्याने डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि मोकळा हात तिच्यापुढे धरला. ती त्याचा हात धरून खाली उतरली. नाक्यापर्यंत त्यांना शंभर पावले चालावयाची होती, आणि नाक्यावर कोण उभे आहे ते तेथून दिसत नव्हते.